माजी सैनिकाचे मानसिक आरोग्य: लक्षणे, उपचार आणि घरच्यांनी काय करावे

थोडक्यात

- बहुतेक माजी सैनिक निवृत्तीनंतर चांगले रुळतात. काहींना मात्र झोप न लागणे, चिडचिड, वाढलेली दारू, अबोला असे त्रास सुरू होतात. हा स्वभावाचा दोष नसून उपचाराने बरा होणारा आजार असू शकतो.
- त्रास निवृत्तीनंतर लगेच सुरू होतो असे नाही. काही वेळा तो अनेक वर्षांनी वर येतो.
- बदल सर्वांत आधी घरच्यांच्या लक्षात येतो. त्यामुळे पहिले पाऊल बहुतेक वेळा त्यांनाच उचलावे लागते.
- 'टेली-मानस' या मोफत सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. जिवाला धोका वाटत असेल तर ११२ किंवा १०८ ला फोन करा.

नागरी नोकरीतला माणूस साठीच्या आसपास निवृत्त होतो. सैन्यातला जवान किंवा हवालदार मात्र पस्तिशी ते पंचेचाळिशीतच पेन्शनवर येतो. मुले अजून शाळेत असतात, घराचे काम अर्धे झालेले असते आणि कामाची वीस-पंचवीस वर्षे पुढे उभी असतात. गावात सगळे त्याला 'मेजर' म्हणून हाक मारतात, १५ ऑगस्टला झेंड्याजवळ मान देतात. पण हाच माणूस रात्री दोन वाजता अंगणात फेऱ्या मारतो, हे फक्त त्याच्या घरच्यांना ठाऊक असते.

हा लेख त्या घरासाठी आहे. तुम्ही स्वतः माजी सैनिक असाल किंवा एखाद्या माजी सैनिकाची पत्नी, मुलगा, मुलगी, आई-वडील असाल, तरी पुढची माहिती तुमच्या उपयोगाची आहे.

## सेवेत सगळे ठीक होते, मग आताच असे का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो. त्याची चार मुख्य कारणे आहेत.

दिनक्रम आणि ओळख एकदम सुटते. पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत सैनिकाचा दिवस आखलेला असतो. सोबत पलटणीतली माणसे असतात. आपण कोण आणि आपले काम काय, हे वर्दी सांगत असते. निवृत्तीनंतर हे सगळे एका दिवसात थांबते. पुढे एखाद्या सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षकाची नोकरी लागली, तर ज्याच्या हाताखाली दहा-बारा जण होते त्याला कोणाच्याही गाडीसाठी गेट उघडावे लागते. ते मनाला लागते.

घरातल्या जागा बदललेल्या असतात. वर्षानुवर्षे पत्नीने बँक, शाळा, शेती, सासू-सासऱ्यांचे आजारपण एकटीने सांभाळलेले असते. मुलांनी वडिलांना दोन महिन्यांच्या सुट्टीपुरते पाहिलेले असते. आता ते कायमचे घरी येतात आणि शिस्त लावू लागतात. दोघांचेही बरोबर असते, तरी खटके उडतात.

सेवेत त्रास लपवलेला असतो. सैन्यात तंदुरुस्तीचे वर्गीकरण 'शेप' या पद्धतीने होते आणि त्यातले पहिले अक्षर मानसिक स्थितीसाठी असते. वर्ग खाली गेला तर बढती, कोर्स, नेमणूक यांवर परिणाम होईल या भीतीने अनेक जण झोपेची किंवा मनाची तक्रार डॉक्टरांना सांगतच नाहीत. कामाच्या रेट्यात ती दबून राहते आणि मोकळा वेळ मिळाला की वर येते.

वय वाढले की जुन्या आठवणी परत येतात. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज सत्तरीच्या पुढे आहे. पत्नीचे निधन, मोठे आजारपण, शस्त्रक्रिया किंवा स्मरणशक्ती कमी होणे यांनंतर पन्नास वर्षांपूर्वीची स्वप्ने पुन्हा पडू लागल्याचे आढळते. म्हातारपणाचा चाळा म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका.

## नेमके कोणते त्रास होतात?

### आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी

मृत्यू किंवा गंभीर दुखापत अगदी जवळून पाहिल्यानंतर होणारा हा विकार आहे. पहिल्या महायुद्धात त्याला 'शेल शॉक' म्हणत आणि अनेकदा भित्रेपणा समजत. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात पीटीएसडी हे नाव आले आणि तो स्वतंत्र आजार म्हणून ओळखला जाऊ लागला.

त्यासाठी कारगिलसारखे युद्धच लढलेले असावे लागते असे नाही. गस्तीवर झालेला हल्ला, सुरुंगाचा स्फोट, सियाचीनमधले हिमस्खलन, दरीत कोसळलेली गाडी, साथीदाराचा मृतदेह उचलून आणणे, यांपैकी कोणताही प्रसंग पुरेसा ठरू शकतो.

लक्षणांचे चार गट असतात.

१. प्रसंग पुन्हा जगणे. वाईट स्वप्ने पडतात, झोपेत ओरडणे किंवा हात-पाय झाडणे होते. डिझेलच्या वासाने, फटाक्याच्या आवाजाने आपण पुन्हा तिथेच आहोत असे वाटते.
२. टाळणे. लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, युनिटच्या जुन्या मित्रांचे फोन, युद्धाचे चित्रपट, सगळे टाळले जाते. बाहेरून हा माणूसघाणेपणा वाटतो.
३. विचार आणि भावना बदलणे. 'मी वाचलो, तो का नाही', 'कोणावर विश्वास ठेवायचा नाही' असे विचार घर करतात. मुलांबद्दलसुद्धा माया वाटेनाशी होते, मन बधिर होते.
४. सतत सावध राहणे. दाराकडे पाठ करून बसता येत नाही. रात्री तीन-तीनदा कड्या तपासल्या जातात. मागून कोणी हात लावला तर दचकून अंगावर धावून जाणे होते.

ही लक्षणे एक महिन्याहून जास्त टिकली आणि त्यामुळे काम, नाती किंवा झोप बिघडत असेल, तर तपासणी करून घ्यावी. प्रसंगानंतर सहा महिने किंवा त्याहून उशिरा पूर्ण आजार दिसू लागणे, हेही वैद्यकशास्त्राला माहीत आहे.

### सगळेच पीटीएसडी नसते

नैराश्य पुष्कळ वेळा रडण्यातून दिसत नाही. ते रागातून, अंगदुखीतून, भूक मंदावण्यातून किंवा 'आता काय उपयोग' या बोलण्यातून दिसते.

अपराधीपणाची सल हा वेगळा त्रास आहे. आपल्या हातून जे झाले, किंवा जे थांबवता आले नाही, ते स्वतःच्या नीतीला पटत नाही. भीती नसते, लाज असते. त्यामुळे माणूस त्याबद्दल घरी बोलत नाही.

डोक्याला मार लागणे विसरू नका. स्फोटाच्या धक्क्याने बाहेरून जखम नसतानाही मेंदूला इजा होऊ शकते. डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड, उजेड-आवाज सहन न होणे ही त्याची लक्षणे असू शकतात. असा प्रसंग घडला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

थायरॉइडचा विकार, बी-१२ ची कमतरता, अनियंत्रित मधुमेह, झोपेत श्वास अडकणे यांमुळेही थकवा आणि चिडचिड होते. म्हणून पहिल्या भेटीत रक्ताच्या काही साध्या तपासण्या सांगितल्या जातात.

## स्वतःला विचारा पाच प्रश्न

असा भयंकर प्रसंग तुमच्या आयुष्यात घडला असेल, तर गेल्या एका महिन्याचा विचार करून उत्तर द्या.

- त्या प्रसंगाची स्वप्ने पडली का, किंवा नको असताना आठवणी आल्या का?
- तो विषय, ती जागा किंवा ती माणसे टाळण्यासाठी तुम्ही मुद्दाम धडपड केली का?
- सतत सावध किंवा चटकन दचकणारे झालात का?
- माणसांपासून, रोजच्या गोष्टींपासून तुटल्यासारखे किंवा बधिर वाटले का?
- जे झाले त्याबद्दल स्वतःला किंवा इतरांना दोष देणे थांबवता आले नाही का?

तीन किंवा जास्त प्रश्नांना 'हो' असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. हे निदान नाही, पण तपासणी करून घेण्यास पुरेसे कारण आहे.

## घरच्यांनी कसे बोलावे?

भांडण चालू असताना किंवा दारू प्यायलेली असताना हा विषय काढू नका. सकाळी, शेतावर जाताना किंवा गाडीत शेजारी बसलेले असताना बोलणे सोपे जाते. दोष न देता, जे डोळ्यांनी दिसले तेवढेच सांगा.

'अहो, तीन रात्री झाल्या, तुम्ही झोपला नाहीत. मला काळजी वाटते. आपण दोघे एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ.' एवढे पुरे.

'तुम्ही वेड्यासारखे वागता', 'विसरून जा आता', 'पेन्शन आहे, घर आहे, अजून काय हवे?' ही वाक्ये टाळा. 'तिकडे नक्की काय झाले ते सांगा' असा आग्रहही धरू नका. सांगावेसे वाटले तर ऐका. सांगावेसे वाटले नाही तरी उपचार सुरू होऊ शकतात.

मानसोपचाराच्या नावाला नकार असेल तर झोपेपासून सुरुवात करा. 'झोपेचे औषध विचारून येऊ' म्हटले की बरेच जण तयार होतात. आपल्याच पलटणीतल्या, उपचार घेतलेल्या जुन्या साथीदाराचा शब्द घरच्यांच्या शंभर विनवण्यांपेक्षा जास्त काम करतो. त्याला मध्यस्थ करा.

रोजच्या काही गोष्टी

- वाईट स्वप्नात असलेल्या माणसाला हात लावून हलवू नका. दिवा लावा, थोडे लांब उभे राहून नावाने हाक मारा.
- आठवणीत हरवला असेल तर शांतपणे सांगा: 'तुम्ही घरी आहात. आज मंगळवार आहे. मी इथेच आहे.' पाय जमिनीवर टेकवायला, गार पाणी प्यायला सांगा.
- दिवाळी, वरात, डीजे यांची कल्पना आधी द्या. फटाके वाजण्याच्या वेळी कुठे बसायचे ते आधीच ठरवा.
- ठरावीक वेळी उठणे, व्यायाम आणि एखादे जबाबदारीचे काम यांनी खूप फरक पडतो. गावातल्या मुलांना भरतीची तयारी करून घेणारे अनेक माजी सैनिक त्यातून स्वतःही सावरतात.

## उपचार कसे होतात?

बोलून केलेले उपचार. पीटीएसडीमध्ये आघातावर केंद्रित मानसोपचार हा सर्वांत परिणामकारक मानला जातो. साधारण ८ ते १६ बैठका लागतात. प्रसंग टाळत राहिले की मेंदूला 'धोका संपला' हे कधी कळतच नाही, म्हणून भीती तशीच राहते. प्रशिक्षित तज्ज्ञ सुरक्षित वातावरणात, रुग्णाच्या वेगाने, त्या आठवणीकडे थोडे थोडे बघायला शिकवतात. 'माझ्यामुळेच तो गेला' यासारखे विचार पुराव्यानिशी तपासले जातात. आठवण पुसली जात नाही, पण ती आठवणीसारखीच वागू लागते, आत्ता घडत असल्यासारखी नाही. सुरुवातीचे काही आठवडे स्वप्ने किंवा अस्वस्थता थोडी वाढू शकते. त्या टप्प्यावर उपचार सोडू नका.

औषधे. सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन, व्हेनलाफॅक्सीन यांसारखी औषधे पीटीएसडी आणि नैराश्य या दोन्हींवर वापरतात. त्यांची सवय लागत नाही. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, पुढे कधी लैंगिक इच्छा कमी होणे असे त्रास होऊ शकतात. संकोच न करता सांगा, डोस किंवा औषध बदलता येते. बरे वाटल्यावरही साधारण वर्षभर औषध चालू ठेवावे लागते आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावे लागते.

मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या घेऊ नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी पहिले काही दिवस बरे वाटते, पण त्यांची सवय लागते आणि पीटीएसडी बरा होत नाही. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

## दारूचा प्रश्न

अनेकांची दारू 'झोप यावी म्हणून' सुरू होते. दारूने झोप लवकर लागते हे खरे, पण ती उत्तररात्री मोडते, स्वप्ने वाढतात आणि दुसऱ्या दिवशी चिडचिड होते. मग संध्याकाळी आणखी प्यावी लागते. त्यामुळे दारू आणि आघात या दोन्हींवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. 'आधी दारू सोड, मग बघू' असे म्हणून थांबू नका.

एक महत्त्वाची सूचना: रोज जास्त पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. हात थरथरणे, घाम, फिट येणे, दोन-चार दिवसांत भ्रम होणे असे प्रकार होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. दारू सोडायची, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

## पत्नी आणि मुलांचे काय?

घरात एक जण सतत सावध असला की सगळेच सावध राहू लागतात. मुले पायरव ऐकून पुस्तक उघडतात, पत्नी आवाज न करता भांडी ठेवते. हळूहळू पत्नीलाच झोप न लागणे, छातीत धडधड, उदासी सुरू होते. तीही रुग्ण असू शकते आणि तिला स्वतंत्र उपचारांचा हक्क आहे.

मुलांना वयानुसार खरे सांगा: 'बाबांना झोपेचा त्रास आहे, डॉक्टर औषध देत आहेत. तुझी काही चूक नाही.' मुले गप्पपणाचा दोष स्वतःकडे घेतात, म्हणून शेवटचे वाक्य आवर्जून म्हणा.

मारहाण होत असेल तर ती सहन करणे हा उपचाराचा भाग नाही. आजार हे कारण असू शकते, परवानगी नाही. आधी तुम्ही आणि मुले सुरक्षित जागी जा. महिला हेल्पलाइन १८१ किंवा ११२ ला फोन करा.

ज्या घरात सैनिक परतलाच नाही, तिथे वीरपत्नीला आणि आई-वडिलांना सत्कार मिळतात, पण सगळ्यांसमोर रडण्याची मुभा मिळत नाही. वर्ष उलटल्यावरही दुःख तितकेच तीव्र असेल आणि रोजची कामे करणे अशक्य वाटत असेल, तर त्यावरही मदत मिळते.

## ही वेळ थांबण्याची नाही

'मी ओझे झालो आहे', 'माझ्यानंतर तुमचे नीट होईल' असे बोलणे, कागदपत्रे अचानक आवरून ठेवणे, जवळच्या वस्तू देऊन टाकणे, निरोपाचे फोन करणे ही धोक्याची चिन्हे आहेत.

- थेट विचारा: 'जीव द्यावा असे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते.
- एकटे सोडू नका.
- साधने दूर करा. अनेक माजी सैनिकांकडे परवान्याची बंदूक असते. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे रीतसर जमा करता येते. शेतीची कीटकनाशके आणि साठलेल्या गोळ्या कुलुपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. तीव्र विचारांची लाट अनेकदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ साधन हाताशी नसले तर जीव वाचतो.
- ११२ किंवा १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. पोलीस केसच्या भीतीने उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते.

## मदत कुठे मिळते?

- टेली-मानस, १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येते. कुटुंबीयही फोन करू शकतात. सशस्त्र दलांसाठीचा विशेष कक्ष २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.
- ईसीएचएस पॉलिक्लिनिक. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक, त्यांची पत्नी आणि नियमांत बसणारी अवलंबून असलेली मुले व आई-वडील यांना इथून मानसोपचारासाठी संलग्न किंवा लष्करी रुग्णालयाचे रेफरल मिळते. आणीबाणीत रेफरलसाठी थांबू नका. रुग्णाला दाखल करा आणि दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा.
- जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. ईसीएचएस कार्ड नसले तरी इथे उपचार मिळतात.
- जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. पेन्शन, मुलांच्या शिष्यवृत्त्या, नोकरीची नोंदणी ही कामे इथे होतात. अडलेले पेन्शन किंवा कर्ज हेच काळजीचे मूळ असेल तर ते सोडवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गावात कळले तर? मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. डॉक्टर ती शेजाऱ्यांना किंवा नोकरीच्या ठिकाणी परस्पर सांगू शकत नाहीत.

उपचार घेतले तर पेन्शनवर परिणाम होईल का? नाही. निवृत्तीनंतर मानसोपचार घेतल्याने मिळत असलेले पेन्शन थांबत नाही.

ते डॉक्टरांकडे यायलाच तयार नाहीत. मी एकटी जाऊ का? जरूर जा. दिसलेली लक्षणे, किती दिवसांपासून आहेत, दारूचे प्रमाण आणि चालू असलेली औषधे कागदावर लिहून न्या. त्यांना कसे तयार करायचे हे डॉक्टर सांगतील आणि तुमच्या स्वतःच्या त्रासाकडेही लक्ष देतील.

बरे व्हायला किती काळ लागतो? बऱ्याच जणांना दोन-तीन महिन्यांत झोप आणि राग यांत फरक दिसतो. जुना त्रास किंवा जोडीला दारू असेल तर जास्त वेळ लागतो. मधे लक्षणे परत आली तरी उपचार वाया गेले असे समजू नका. लवकर डॉक्टरांना भेटा.

सैन्यात साथीदार जखमी झाला तर त्याला 'सहन कर' म्हणून कोणी पुढे जात नाही, उचलून मागे आणतात आणि डॉक्टरांच्या हवाली करतात. मनाच्या जखमेलाही तोच नियम लावा. या आठवड्यात एक फोन किंवा एक भेट ठरवा.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.*